बुधवारी जेवायला कोण येतं?

८ जानेवारी

प्रिय बारक्या,

सलाम. तू पन्नाशी ओलांडलीस तरी मी तुला बारक्याच म्हणणार, नाक मुरडू नकोस. तुझं पत्र मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन हवेबद्दल. आणि खाली तुझ्या बायकोचं नेहमीचं 'ताईंना सलाम' कुठे गेलं? शाई संपली की सर्दी झालीय तिला?

इकडे आमच्या चर्चच्या मंडळीला अजून पाळक मिळालेला नाही. जुने निवृत्त होऊन गेले ते गेलेच. रविवारची उपासना आम्ही वडीलच चालवतो. (हस, हस. बाई असून मंडळीची वडील! पण लोकांनी मतं देऊन निवडलंय, डोक्यावर हात ठेवून नेमलंय, आता मरेपर्यंत सुटका नाही.) मी शास्त्रपाठ वाचते, दुसरे वडील, आमचे नळवाले, प्रार्थना करतात, चिटणीस कुठलं तरी छापील प्रवचन वाचतात आणि वाचता वाचता स्वतःच पेंगतात. सगळं निभतं, फक्त शेवट निभत नाही. आपल्यात आशीर्वाद द्यायचा तो पाळकानेच, वडिलांना तो अधिकार नाही. त्यामुळे शेवटचं गीत झालं की सगळे उभेच राहतात. संपलं की नाही, कोणालाच कळत नाही. मग कोणी तरी खोकतं, कोणाची तरी पर्स पडते, आणि तीच सुटकेची खूण समजून लोक हळूच बाहेर पडतात. मागच्या रविवारी कोणी खोकलंच नाही. आम्ही एकमेकांची तोंडं बघत इतका वेळ उभे होतो, की शेवटी ऑर्गनवाल्या बाईंनी आणखी एक गीत सुरू केलं. आता काय म्हणावं याला?

ते असो. तुला विचारायचंय ते वेगळंच. आमचं बुधवारचं टेबल तुला माहीत आहे. हे गेल्यावर मी देवळाच्या मागच्या दालनात सुरू केलं, एकट्या राहणाऱ्यांनी निदान एकदा गरम सूप, बटाटे, पाव असं चार माणसांत बसून खावं म्हणून. 'तुम्ही बिचारे, या जेवायला' म्हटलं तर कोण येणार? म्हणून मी शिक्षिकाबाईंना सांगितलं, "नळवाले बायको गेल्यापासून खचलेत, त्यांना जरा सोबत करायला या." नळवाल्यांना सांगितलं, "शिक्षिकाबाईंचा हात दुखतो, पातेली उचलायला या." दोघेही मदतीला म्हणून येतात आणि पोटभर जेवून जातात. माझ्या या युक्तीवर तूच मागे खूप हसला होतास.

पण गेल्या महिन्यापासून एक गृहस्थ येतात, कानांवर ओढलेली लोकरीची टोपी, म्हणून मी त्यांना टोपीवाले म्हणते. त्यांना मी बोलावलं नाही, कोणीच बोलावलं नाही. आपणहून आलेला हा पहिलाच माणूस, म्हणजे खराखुरा गरजू! मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या वाडग्यात दोनदा सूप ओतलं.

आणि गरज आता आम्हालाच आहे रे. सगळ्या मंडळ्यांच्या वर आपली प्रेसबिटरी आहे ना, तिने चिटणीसांना विचारलंय, "हे टेबल नक्की कोणासाठी?" शेजारच्या छापखान्याला कागद ठेवायला दालन हवंय. मार्चमध्ये त्यांचे एक पाळक बघायला येणार. एकही गरजू दिसला नाही तर टेबल बंद. मी वडिलांच्या सभेत ताडकन सांगितलं, "टोपीवाल्यांना बघा आणि मग बोला." पण रात्रंदिवस धास्ती आहे. टेबल गेलं तर बुधवार गेला. बुधवार गेला तर माझ्या आठवड्यात उरतं काय, तूच सांग.

तुझी,
ताई


२० जानेवारी

प्रिय ताई,

सलाम. पत्र उशिरा लिहितोय, कारण इथे एका दहा मजली इमारतीची लिफ्ट रोज नवा मजला शोधून तिथेच अडकते. मी आत, रहिवासी बाहेर, आणि सगळे मला दारातूनच लिफ्ट दुरुस्त कशी करायची ते शिकवतात.

बायकोला सर्दी नाही. ती तिच्या आईकडे गेलीय, म्हातारीचे गुडघे धरलेत. म्हणून सलाम राहिला. मीच तिच्या वतीने घालतो.

तुझ्या टोपीवाल्यांबद्दल वाचून मजा वाटली. भला माणूस दिसतो. त्याला फार खोदून विचारू नकोस, अशा लोकांना प्रश्न आवडत नाहीत. तू फक्त वाढ आणि त्याच्या समोर बस. हो, बस. सगळ्यांना वाढून झाल्यावर ओट्यापाशी उभ्याने, पातेल्यातूनच चार घास कोंबायचे, याला जेवण म्हणत नाहीत ताई. असं जेवलेलं पोटात जातं, अंगी लागत नाही.

टेबलाची काळजी करू नकोस. सगळं ठीक होईल.

तुझा,
बारक्या


६ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

तुझं पत्र वाचलं आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मी ओट्यापाशी उभ्याने जेवते हे तुला कोणी सांगितलं? मी तर कधी लिहिलं नाही. स्वयंपाकघराचं दार मी लोटून घेते, आतलं कोणाला दिसतही नाही. चिटणीस तुला पत्रं लिहितात का? खरं सांग. त्यांना मी तुझा पत्ता दिला होता, हे गेले तेव्हा. त्या माणसाला सूत मिळालं की स्वर्ग गाठतो. काल मी त्यांना सरळ विचारलं, तर ते तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिले. एवढं साळसूदपणे कोणी बघतं तेव्हा दाल में कुछ... असो, मराठीत लिहिते, काहीतरी पाणी मुरतंय.

टोपीवाल्यांनी तर माझं डोकंच फिरवलंय. गरजू माणसाने कसं वागावं याची त्यांना काही कल्पनाच नाही. येताना स्वतः पाव घेऊन येतात. मी म्हटलं, "अहो, कशाला खर्च?" तर म्हणतात, "असू द्या, तुम्हाला लागेल." मला? जेवून झालं की माझ्याआधी भांड्यांना हात घालतात. दालनाच्या दाराची बिजागरी करकरत होती, ती खिशातून तेलाची कुपी काढून गप्प केली. खिशात तेलाची कुपी घेऊन कोण फिरतं? आणि दर वेळी निघताना एकच प्रश्न, "तुम्ही जेवलात का?" शिक्षिकाबाई म्हणतात, तो स्वाभिमानी गरीब आहे, फुकटचं खात नाही. नळवाले म्हणतात, तो पूर्वी श्रीमंत असणार. मला आपलं वाटतं, त्याला घरच नसावं.

म्हणून मी यांचा कोट दिला. तो तपकिरी, जाड. कपाटातून काढताना हात जड झाला, खोटं कशाला सांगू. पण कोट कपाटात टांगून कोणाची थंडी भागते? टोपीवाले कोट हातात घेऊन घुटमळले, काहीतरी बोलणार होते, मग माझ्या तोंडाकडे बघून घालून घेतला. आता दर बुधवारी तोच घालून येतात.

दारातून तो कोट आत येतो ना बारक्या, तेव्हा मी उगाच डाव शोधायला लागते.

तुझ्या बायकोच्या आईला माझा सलाम सांग. गुडघ्यांना शेक द्यावा.

ताई


१७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

चिटणीसांवर उगाच आळ घेऊ नकोस, त्यांनी मला एक ओळही लिहिलेली नाही. उभ्याने जेवण्याचं मी असंच लिहिलं, अंदाजाने. एकटी माणसं तशीच जेवतात.

कोट दिलास ते फार चांगलं केलंस. भावोजींना आवडलं असतं. खांद्यात जरा सैल होतो, पण ऊब आहे ना, ती महत्त्वाची.

लिफ्ट आता सहाव्या मजल्यावर थांबायला लागलीय. पाचवा आणि सातवा मला शिव्या घालतात.

सासूबाईंचे गुडघे तसेच आहेत.

बारक्या


२५ फेब्रुवारी

बारक्या,

खांद्यात सैल होतो? कोणाला? मी तर लिहिलं नव्हतं.

थांब, आधी परवाच्या रविवारचं सांगते, म्हणजे तुला कळेल माझी काय अवस्था आहे.

प्रभुभोजन होतं. पाळक नसला की तेही होत नाही, म्हणून दुसऱ्या मंडळीचे एक तरुण पाळक आले होते. आपल्याकडे कोणी पुढे जात नाही, तुला आठवत असेल. लोक जागेवर बसतात, आम्ही वडील भाकरीचं तबक रांगेच्या टोकाला देतो, आणि जो तो शेजाऱ्यासाठी तबक धरतो. टोपीवाले हल्ली रविवारीही येतात, मागे बसतात, गीतं चुकीच्या चालीवर पण जोरात म्हणतात. ते आपल्यातले नाहीत, त्यांनी भाकर घेतली नाही. पण तबक हातात आल्यावर शेजारच्या शिक्षिकाबाईंसाठी ते असं धरलं की जणू त्यातून काही सांडणार आहे. बाईंचा हात कापतो, हे टोपीवाल्यांनी कधी हेरलं कोण जाणे.

सगळ्यांना देऊन आम्ही वडील पुढच्या बाकावर बसलो. आम्हाला शेवटी पाळक देतात. हे पाळक नवखे, बिचारे गोंधळले. नळवाल्यांना दिलं, चिटणीसांना दिलं आणि तबक मेजावर ठेवून प्रार्थनाच सुरू केली. मी राहिले. आता प्रार्थनेत मध्येच "अहो, मला" असं कसं म्हणायचं? मी डोळे मिटून घेतले. आणि मागून मोठ्याने आवाज आला, "त्या बाईंना राहिलंय!"

अख्खी मंडळी मागे वळली. पाळक लाल झाले, धावत तबक घेऊन आले. भाकर हातात घेतली तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि राग आला की बरं वाटलं हे मला अजून कळलेलं नाही.

बाहेर मी त्यांना म्हटलं, "उपासनेत असं ओरडायचं नसतं." तर म्हणतात, "तुम्ही नेहमीच शेवटी असता का हो?" हा माणूस माझ्याकडे लक्ष ठेवून का असतो? मी त्याला सांभाळतेय की तो मला? आणि मग घरी आले तर तुझं पत्र, खांद्यात सैल!

बारक्या, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. हा माणूस कोण आहे? प्रेसबिटरीचे पाळक तोंडावर आलेत, आणि मी सभेत त्याच्या नावाने छातीठोक बोलून बसलेय.

ताई


४ मार्च

प्रिय ताई,

रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

तो माझा उस्ताद आहे. मला लिफ्टचं काम शिकवलं तो. निवृत्त होऊन तुमच्याच गावात लेकीकडे राहतो. त्याला घर आहे, बाल्कनी आहे, दोन वेळचं गरम जेवण आहे, आणि तुझ्या कोटापेक्षा चांगला स्वतःचा कोट आहे. खांद्यांचं त्यानेच लिहिलं होतं. "बाईंचं मन मोडवेना म्हणून घातला," म्हणाला.

भावोजी गेल्यावर तुझी पत्रं बघितली की कळायचं, तू सगळ्यांचं करतेस आणि स्वतः काही खात नाहीस. मी इतका लांब. म्हणून उस्तादला लिहिलं, "माझी ताई एकटी पडलीय. बुधवारी जाऊन तिच्या समोर बस, म्हणजे ती बसेल. मी सांगितलंय असं मात्र सांगू नकोस." तूच नाही का नळवाल्यांना आणि शिक्षिकाबाईंना असंच फसवून जेवायला घातलंस? गुरूची विद्या गुरूला फळली.

पण तू त्याच्यावर टेबल उभं करशील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आता तू तोंडघशी पडणार आणि कारण मी. सांगशील तसं करतो. उस्ताद म्हणतो, त्या दिवशी तो गरिबाचं सोंग घ्यायलाही तयार आहे.

बारक्या


२ एप्रिल

बारक्या,

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की हातातून शिव्याच यायच्या. मंडळीच्या वडिलांना त्या शोभत नाहीत.

मी, दुसऱ्यांना अलगद फसवणारी, स्वतः फसले! ज्याला मी घर नसलेला समजून यांचा कोट दिला, तो माणूस दर बुधवारी बाल्कनीतून उठून माझी दया करायला यायचा. दोन बुधवार मी त्याच्याशी बोलले नाही. तो मुकाट्याने पाव घेऊन यायचा, टेबलावर ठेवायचा.

मग प्रेसबिटरीचे पाळक आले. उंच, हसरे, आणि हातात काही कागद नाही, म्हणून मला जास्तच भीती वाटली. दालनात आम्ही नेहमीचेच. ते म्हणाले, "यात सेवा करणारे कोण आणि जेवायला आलेले कोण?" साधा प्रश्न. शिक्षिकाबाई चटकन माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी नळवाल्यांना सोबत करायला येते." नळवाले म्हणाले, "छे, छे, मी यांची पातेली उचलायला येतो." दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. चिटणीस म्हणाले, मी तर देखरेखीला असतो. (तीन वाडगे सूप पितात देखरेख करताना.) सगळे वाढणाऱ्यांच्या बाजूला, टेबलाच्या पलीकडे एक माणूस नाही. पाळक गोंधळून म्हणाले, "मग जेवायला कोण येतं?"

तुझा उस्ताद माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "सांगाल तर मी भुकेला बनतो. पोटातून आवाजसुद्धा काढून दाखवतो." त्या अवस्थेतही मला हसू फुटणार होतं. पण देवाच्या घरात, वडील म्हणून उभी असताना, खोटं कसं बोलू? आणि खरं बोलायचं तर टेबल गेलंच.

मग मी काय केलं माहीत आहे? डाव ठेवला. एप्रन काढला. टेबलाच्या पलीकडे गेले आणि खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "मी येते जेवायला. हे गेल्यापासून घरी माझ्याने एकटीने घास गिळवत नाही. आठवड्यातून एकदा इथे चार माणसं असतात, म्हणून दोन घास जातात. टेबल मी माझ्यासाठीच मांडलंय. गरजू माणूस हवा ना, मी आहे."

मग नळवाले येऊन माझ्या शेजारी बसले. "मीही," एवढंच म्हणाले. शिक्षिकाबाई बसल्या आणि रडायलाच लागल्या. चिटणीसांनी इकडेतिकडे बघितलं आणि तेही बसले. उस्ताद म्हणाला, "घरी गरम मिळतं, पण लेक कामावरून येईपर्यंत भिंतीशी बोलत जेवावं लागतं," आणि टोपी काढून बसला. पहिल्यांदाच टोपी काढलेली बघितली. पूर्ण टक्कल आहे.

मग नवीच पंचाईत. सगळे बसलेले, वाढायला कोणीच नाही. तेव्हा त्या पाळकांनी बाह्या सरसावल्या, डाव घेतला आणि सगळ्यांना वाढलं. मला पहिल्यांदा. बारक्या, मी कधीची अशी बसून गरम सूप प्यायले नव्हते. मीठ कमी होतं, पण मी बोलले नाही, कारण सूप माझंच होतं.

शेवटी त्यांनी उभं राहून हात वर केला आणि आम्हाला आशीर्वाद दिला. रीतसर, पाळकाच्या तोंडून. आता तरी स्पष्ट होतं ना, संपलं म्हणून? तर कोणीच उठेना.

टेबल राहिलं. छापखाना कागद दुसरीकडे ठेवेल. कोटही मी परत घेतला नाही, उस्ताद म्हणाला आता सवय झाली.

आता तुझं. मी उस्तादाला विचारलं, "मी उभ्याने जेवते हे तुम्ही का कळवलंत?" तो म्हणाला, "मी कशाला? मला काय ठाऊक तुम्ही आत दार लोटून काय करता?" माझ्या डोक्यात तो किडा वळवळत राहिला. चिटणीसांनी सांगितलं नाही, उस्तादाने सांगितलं नाही. मग पातेल्यातून खाल्लेलं अंगी लागत नाही हे तुला कसं ठाऊक? तुझ्या घरी तर बसून जेवायची रीत होती, तुझी बायको ताट मांडल्याशिवाय वाढायची नाही.

मग उस्ताद खाली बघत म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. ती नोव्हेंबरातच गेली ना घर सोडून."

गुडघे, बारक्या? आईचे गुडघे? मी त्यांना शेक द्यायला सांगत बसले!

मला काही विचारायचं नाही. कधी सांगावंसं वाटलं तर सांग. फक्त एक काम आहे. दालनाची मागची खिडकी बसत नाही, नळवाल्यांना वर चढवत नाही आता, उस्तादाचे हात पूर्वीसारखे राहिले नाहीत. तुझ्यासारखा जाणता माणूस हवा. येत्या बुधवारी जरा मदतीला येतोस का?

तुझी,
ताई


७ एप्रिल

प्रिय ताई,

पत्र ओट्यापाशी उभ्याने वाचलं. मग खुर्ची ओढून, बसून पुन्हा वाचलं.

खिडकी उस्तादला सांग. त्याचे हात ठणठणीत आहेत, मला ठाऊक आहे, आणि तुझी युक्ती आता जुनी झाली.

बुधवारी सकाळच्या गाडीने निघतो. हत्यारांची पेटी आणत नाही. मी मदतीला येत नाहीये, ताई. जेवायला येतोय.

बारक्या